ढेप पारखायची कशानं?

शाहूपुरीतल्या एका किराणा दुकानात तुम्ही उभे आहात. डॉक्टरांनी साखर तोडायला सांगितलीय, म्हणून हातात मंक फ्रूटची डबी आहे. चीनमधल्या एका फळाचा अर्क, उष्मांक जवळजवळ शून्य, आणि वर ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक’. शेजारच्या फळीवर गुळाच्या दोन ढेपा आहेत. एक सोनेरी, पिवळीधमक. दुसरी काळपट तांबूस. दोन्हींच्या कागदावर पुन्हा तेच, ‘नैसर्गिक’. काळपट ढेप महाग आहे. कारण विचारलंत तर दुकानदार म्हणतो, ‘‘सेंद्रिय हाय सायेब, रंगावरनंच कळतंय की.’’

रंगावरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे पाहायला कोल्हापुरातच मागे जायला हवं. पायात कोल्हापुरी पायताण घाला, खांद्यावर घोंगडं टाका, मोबाईल आणि घड्याळ दुकानातच ठेवा. महिना पौषाचा धरू, कारण ऊस तेव्हा भरात असतो.

पहिला मुक्काम : १८८५

पंचगंगेच्या काठी, प्रयाग चिखलीच्या अलीकडे एका मळ्यात तुम्ही उतरता. कोल्हापूरला अजून रेल्वे आलेली नाही. अंधार आहे, थंडी हाडात शिरतेय. गुऱ्हाळ दिसायच्या आधी ऐकू येतं. लाकडावर लाकूड घासल्याची लांबलचक करकर शिवारभर चालू आहे.

जवळ जा. बाभळीचे जाड ओंडके उभे केलेत, त्यांच्या माथ्यावर तिरके दाते कोरलेत आणि ते एकमेकांत अडकून फिरतायत. लोक त्यांना नवरा-नवरी म्हणतात. बैल लाट ओढत गोल फिरतात. ऊस लावणारा माणूस खाली बसलाय, लाट डोक्यावरून जाते तेव्हा दर फेऱ्याला मान खाली घालतो आणि गप्पा मात्र थांबवत नाही. एकेक कांडं दोन-तीनदा चरकातून काढावं लागतं, तरी चिपाडात रस उरतोच. जो निघतो तो गढूळ असतो आणि काहिलीत पडेपर्यंत तासन्‌तास खोळंबतो. थांबलेला रस आंबायला लागतो. म्हणून गूळ निघतो तो काळसर, मऊ, पावसाळ्यात पाझरणारा.

त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. यातला बराच गूळ घरात खपतो, बलुतेदारांच्या वाट्याला जातो, बैलांच्या पेंडीत पडतो. उरलेला गाडीत भरून घाट उतरून कोकणात. रंग विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

तुम्हाला ठसका लागतो. धूर आणि थंडी, दोन्ही सोसवत नाहीत. पडवीतली म्हातारी उठते, उतरंडीतलं एक मडकं काढते. मडक्याच्या तोंडाला फडकं, वर शेणामातीचा लेप. आतला गूळ जवळजवळ काळा झालाय.

‘‘गेल्या सालचा हाय,’’ ती म्हणते. ‘‘खोकल्याला नवा चालत न्हाई. नवा गूळ कफ वाढिवतो.’’

सुंठेची पूड, बोटभर तूप आणि त्या जुन्या गुळाचा खडा एकत्र मळून ती तुमच्या तळहातावर गोळी ठेवते. म्हातारीनं पोथी वाचलेली नाही, पण वाग्भटानं अष्टांगहृदयात हेच लिहून ठेवलंय. नवा गूळ कफ वाढवतो आणि अग्नी मंदावतो, जुना हृद्य आणि पथ्यकर. चरकसंहितेतही उसाच्या रसापासून गूळ, मत्स्यंडिका, खांड, शर्करा अशी उतरंड लावलीय आणि जसजसा पदार्थ निर्मळ होत जातो तसतसा तो शीत होतो असं म्हटलंय. म्हणजे वैद्यांच्या लेखी गूळ एक वस्तू नव्हती. किती जुना, किती शुद्ध, कुणाला, कशाबरोबर, यावर तो औषध की अपथ्य ते ठरायचं.

दुसरी गोळी मागून बघा. म्हातारी मडक्याचं तोंड पुन्हा बांधते. ‘‘औषाद हाय त्ये. खाऊ न्हवं.’’

दुसरा मुक्काम : १९१७

बत्तीस वर्षं पुढे सरका. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. १८९४ साली शाहू महाराजांनी राज्याची सूत्रं हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. मघाशी तुम्ही उभे होतात ते दुकान याच पेठेतलं. आता तिथं गुळाच्या अडती आहेत, गाड्या उलाळून ठेवल्यात, बैल पेंड खातायत, मधमाश्यांचा आणि हमालांचा एकच कालवा चाललाय.

एका अडतीपुढे थांबा. दोघांच्या हातांवर रुमाल पडलाय आणि रुमालाखाली बोटं बोलतायत. जुन्या बाजारांची ही रीत. दर दोघांनाच कळतो, माल पिकवणारा शेतकरी बाजूला उभा राहून चेहरे वाचतो. व्यापाऱ्यानं सौद्याआधी काय केलं ते पाहिलंत? ढेपेवरचं फडकं सारलं, ढेप उजेडात धरली आणि नुसतं बघितलं. चाखलं नाही. वाघिणी भरून माल लांब जायचाय, तिकडचा दुकानदारही तो असाच बघणार. म्हणून जो रंग लांबून उठून दिसतो त्याला दोन पैसे जास्त.

आता बाजारातून निघा आणि करवीरच्या एखाद्या गावात चला, कारण खरी कारागिरी तिथं आहे. चरक लोखंडी झालाय, त्यामुळे रस जास्त आणि लवकर निघतो. महायुद्ध चालू असल्यानं लोखंड मिळणं मात्र मुश्कील झालंय. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला नांगर ओतायला कच्चा माल मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, बिनकामाच्या तोफा देऊन टाकल्या. तिकडे राधानगरीला भोगावतीवर धरणाचं काम निघालंय. महाराजांच्या हयातीत ते पुरं होणार नाही, पण पुढच्या पिढ्यांचा ऊस त्याच पाण्यावर उभा राहणार आहे.

गुऱ्हाळावर कुणी तुम्हाला ‘कोण, कुठले’ विचारण्याआधी रसाचा तांब्या हातात देतो. गुऱ्हाळावर आलेल्याला रसाला नाही म्हणायचं नाही, मग तो वाटसरू असो, भिक्षेकरी असो की शाळा चुकवून आलेलं पोर.

‘‘बसा पाव्हणं. आधण चढलंय आत्ताच.’’

बोलणारा गुळव्या आहे. सगळे त्याला मामा म्हणतात. मळ्याचा मालक दुसराच, पण काहिलीपाशी मालकसुद्धा त्याच्या शब्दाबाहेर नाही. जमिनीत पुरलेल्या मांदणातला रस गाळून मोठ्या पसरट काहिलीत ओतलाय. खाली चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या बसलाय आणि वाळलेली चिपाडं आत सारतोय. आच कमी-जास्त झाली तर आधण बिघडतं, म्हणून मामाचा एक कान त्याच्याकडे आहे.

रस तापला की वर मळी येते, हिरवट-काळी, जाड. मामा ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढून टाकतो. मग बादलीतलं चिकट पाणी काहिलीत सोडतो. रानभेंडीची झाडं ठेचून भिजवलेलं पाणी आहे ते. भेंडीचा बुळबुळीत चीक रसातला गाळ स्वतःत गुंडाळून वर आणतो आणि पुन्हा मळी निघते. जोडीला चुन्याची निवळी, अगदी बेतानं. ती रसाचा आंबटपणा मारते आणि गुळाला कणी धरायला मदत करते. जास्त झाली की गूळ काळवंडतो. रस उतू जाऊ लागला की चार थेंब तेल पडतं आणि फेस जागच्या जागी बसतो.

दोन-अडीच तासांच्या या आधणात तुम्हाला पाहण्यासारखं खूप आहे, पण मामा तर डोळे मिटून उभा आहे.

‘‘ऐका,’’ तो म्हणतो.

सुरुवातीला रस खळखळत होता. आता आवाज जड झालाय. बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटतायत, फट्‌ फट्‌. या टप्प्यावर काढला तर काकवी. मालकीणबाई कळशी घेऊन उभ्याच आहेत. गरम भाकरीवर काकवी आणि वर तुपाची धार तुम्हालाही मिळते, शिवाय काहिलीत सोडून शिजवलेलं रताळं.

आणखी थोडा वेळ जातो. मामा काहिलीतला थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडतो, बोटांनी गोळा करतो. अजून मऊ. पुन्हा थोड्या वेळानं दुसरा. तिसऱ्या वेळी गोळी तांब्यावर आपटतो आणि ‘टण्‌’ आवाज येतो. पुढे कधीतरी शास्त्रज्ञ तापमापी लावून सांगतील की काकवी साधारण १०५ अंशांच्या आसपास उतरते आणि घट्ट गूळ ११८च्या आसपास. मामाला ते अंश कानानं आणि बोटांनी कळतात.

‘‘मागं सरा! उतारतोय!’’

दांडे अडकतात, माणसं एका दमात काहील उचलतात आणि वाफ्यात कलती करतात. लालसर सोन्याचा लोट वाफ्यात पसरतो. एक शिंतोडा पायावर पडला तर कातडी घेऊनच निघेल, म्हणून मागे सरा म्हटलं होतं. फावड्यानं घोटत घोटत तो घट्ट होतो, मग ओल्या फडक्याच्या अस्तरात भरून ढेपा पडतात. एक टन ऊस गाळला तर साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ. बाकी पाणी आभाळात, चिपाडं चुलवाणात.

ढेप फडक्यातून निघते. सोनेरी आहे. इथल्या नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतला ऊस, गोडं पाणी, ताजा रस आणि भेंडी, यांतून आलेला रंग. कोल्हापूरच्या गुळाचं नाव ज्या रंगावर झालं तो हा. तो आधी मामाच्या कानाला लागला, मग व्यापाऱ्याच्या डोळ्याला.

वाकडी वाट : ग्वांगशी, १९३०चं दशक

हातातल्या डबीचं मूळही पाहून येऊ. दक्षिण चीनमधला ग्वांगशी प्रांत, गुइलिनजवळचे धुक्यात बुडालेले डोंगर. मांडवावर वेल चढलेत. पानं बघून तुम्हाला आपला दोडका-पडवळ आठवेल, आणि ते बरोबर आहे, कारण हे त्याच कुळातलं फळ. लुओ हान गुओ, म्हणजे अर्हतांचं फळ. बौद्ध भिक्षूंशी त्याचं नाव जोडलेलं आहे, त्यावरूनच इंग्रजी नाव पडलं.

फळ हिरवं तोडतात, घरात काही दिवस पिकू देतात आणि मग भट्टीच्या मंद आचेवर दिवसचे दिवस वाळवतात. ओलं फळ लवकर नासतं आणि त्याला उग्र वासही असतो. भट्टीतून निघालेलं फळ तपकिरी, गोल, कागदासारखं हलकं होतं. इथंही एक जण फळ कानाशी धरून हलवतो, ठोकून बघतो. इथंही व्यापारी येतो आणि आकारानुसार ढीग लावतो.

तुमचा खोकला अजून गेलेला नाही. घरातली आजी एक वाळकं फळ अंगठ्यानं फोडते, कवचासकट तुकडा गरम पाण्यात टाकते. तिच्या वैद्यकात हे फळ थंड गुणाचं, कोरड्या खोकल्यावर, बसलेल्या घशावर, बद्धकोष्ठावर. पाणी गोड होतं, पण गोडी जिभेवर उशिरा येते आणि बराच वेळ रेंगाळते. एका किटलीला एक तुकडा. इथंही कुणी वाटी भरून देत नाही.

अमेरिकी अभ्यासक ग्रॉफ याच दशकात या डोंगरांत येऊन फळाची माहिती गोळा करतोय. १९४१ साली वॉल्टर स्विंगल त्याचं शास्त्रीय वर्णन छापेल आणि नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या गिल्बर्ट ग्रोव्हनर यांचं नाव त्याला चिकटेल. गोडीचं कारण ‘मोग्रोसाइड’ नावाचे घटक. त्यांपैकी मुख्य घटक साखरेच्या अडीचशे पटीच्या घरात गोड आहे, आणि रक्तातली साखर वाढवत नाही. फळाचा उग्र वास काढून गोड रस वेगळा करण्याच्या पद्धतीचं पेटंट प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं १९९५ साली घेतलं. भारतात पालमपूरच्या संशोधन संस्थेनं अलीकडे याची रोपं आणून हिमाचलमध्ये लागवडही करून पाहिलीय.

एवढा गोड अर्क चिमटीत मोजता येत नाही. म्हणून बाजारातल्या बहुतेक डब्यांत भरणा असतो तो एरिथ्रिटॉलसारख्या दुसऱ्या पांढऱ्या पुडीचा, आणि फळाचा अंश अगदी थोडा. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत की हे कळतं. पुढचं ठळक अक्षर ते सांगत नाही.

तिसरा मुक्काम : १९७५

परत कोल्हापुरात. राधानगरीचं पाणी शिवारात खेळतंय. बैल गेले, चरकाला इंजिन किंवा विजेची मोटार आली. वारणा, भोगावती अशा सहकारी साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत आणि उसाला दोन गिऱ्हाइकं झालीत. कारखान्याची तोड वेळेवर आली नाही किंवा पैसे अडकले की शेतकरी गुऱ्हाळाकडे वळतो. गुळाचा दर पडला की परत कारखान्याकडे.

सौद्याची तऱ्हा बदललीय. बाजार समितीच्या आवारात उघड बोली चालते, रुमाल गेला. डोळा मात्र राहिला. माल मोठ्या प्रमाणावर गुजरातला जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला फिकट, पिवळा गूळ लागतो. ज्याची ढेप पिवळी त्याचा दर वरचा. ज्याची तांबूस त्यानं घरी न्यावी.

आता काहिलीपाशी या. भेंडीची झाडं ठेचत बसायला माणूस परवडत नाही, ऊस वेगवेगळ्या जमिनींतला येतोय, काही चोपण, काहींत खताचा मारा. अशा रसाचा गूळ काळपट आणि खारट निघतो. गुळव्याच्या हातात एक कागदी पुडी आहे. ‘हायड्रोस’. सोडियम हायड्रोसल्फाईट, कापडाच्या रंगकामात वापरतात ते. उकळत्या रसात मूठभर पडलं की तुमच्या डोळ्यांदेखत रंग उडतो आणि काळवंडलेला रस पिवळाधमक होतो. काही आठवडे गेल्यावर साठवलेली ढेप पुन्हा काळी पडू लागते, पण तोवर सौदा झालेला असतो.

त्याला विचारा, ‘‘हे कशाला टाकता?’’

तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. ‘‘मी न्हाई टाकलं तर शेजारचा टाकतोय. बाजारात चव कोण बघतंय?’’

या माणसालाही १९१७च्या मामासारखाच कान आहे. आधण तो अजून आवाजावरच ओळखतो. फक्त त्या कानाला आता पैसे मिळत नाहीत.

चौथा मुक्काम : आज

श्री शाहू मार्केट यार्ड. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होतात तेव्हा या, पहिल्या ढेपेची पूजा होते आणि फोटोही निघतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. दुसरीकडे गुऱ्हाळघरं दरसाल कमी होतायत, कारण रात्रभर आचेपुढे उभं राहायला नवी पोरं तयार नाहीत आणि कारखान्याला ऊस घालणं सोपं आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनी गुळातल्या गंधकाच्या अंशाला मर्यादा घातलीय, धाडी पडतात, आणि गुळात स्वस्त साखर मिसळण्याची नवी युक्तीही पकडली जाते.

या सगळ्यात एक उलथापालथ झालीय. शहरातल्या गिऱ्हाइकानं हायड्रोसची गोष्ट ऐकली आणि तो काळा गूळ मागू लागला. मग काळ्याला दर आला. पण तुम्ही १८८५चा काळा गूळ पाहिलाय, तो खोळंबलेल्या रसाचा होता. १९७५चा काळपट रस पाहिलाय, तो चोपण जमिनीचा होता. आणि १९१७ची सोनेरी ढेप पाहिलीय, तिच्यात चुना, भेंडी आणि चार थेंब तेलाखेरीज काही नव्हतं. काळा म्हणजे शुद्ध हा हिशेबही डोळ्याचाच. व्यापाऱ्याचा डोळा पिवळ्यावर होता, तुमचा काळ्यावर गेला. ज्याला विकायचंय तो दोन्ही रंग बनवू शकतो; गूळ जास्त आटवला की आपसूक काळा होतो.

म्हणून खरेदी करताना मामाची रीत धरा. ढेप फोडायला लावा. आत कणी दिसली पाहिजे. खडा जिभेवर ठेवा. खारट लागला तर जमीन किंवा खत बोललं, कडवट लागला तर आच किंवा चुना. उग्र गंधकी वास आला तर उचलूच नका. जमलं तर कार्तिक ते फाल्गुनात करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरीकडे एखाद्या गुऱ्हाळघरावर एक आधण पुरतं उभे राहा आणि काय काय पडतं ते बघून तिथूनच न्या. रस अजूनही फुकटच मिळतो.

आणि डॉक्टरांचं? रंग कुठलाही असो, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. ऐंशी टक्क्यांच्या आसपास. लोह आणि खनिजं थोडीफार आहेत, पण मधुमेहाला ती सवलत देत नाहीत. म्हातारीची गोळी औषध होती ती सुपारीएवढी होती म्हणून, आणि ग्वांगशीच्या आजीनंही एकच तुकडा टाकला होता. साखर जास्त असेल तर चहात मंक फ्रूट घाला, मागची अक्षरं वाचून. गूळ घ्यायचाच झाला तर संक्रांतीचा एक तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे करू नका.